‘पान तादेउश’ (१९२८): मराठी पाट्या आणि संतूरची साथ

झरोका:
पोलिश कवी मित्स्क्येविचच्या काव्यावरचा रिशार्द ओर्दिन्स्कीचा हा मूकपट मराठी पाट्या (पडद्यावरचा मजकूर) लावून, संतूरच्या साथीनं दाखवायचाय. लांबी कुठे तीन तास लिहिलीय, कुठे दोन. कुठली प्रत मागवू? पाट्यांतल्या कवितेचं गद्य करू की पद्य? आणि त्यातल्या यान्किएल या वादकाच्या वादनाला काय वाजवायचं?

रीळफिरक्या:
दोन्ही आकडे बरोबर. ९ नोव्हेंबर १९२८ला, स्वातंत्र्याच्या दशकपूर्तीला, वॉर्सात लागला तेव्हा तीनेक तासांचा होता. पुढे बरीच वर्षं चाळीसेक मिनिटांचे तुकडेच उरले. २००६मध्ये व्रोत्स्वाफला मोठी प्रत सापडली. दुरुस्त केलेला दोन तासांचा पट २०१२मध्ये त्याच तारखेला दाखवला. तोच मागवा. डिजिटल प्रतीत वेग बसवलेला असतो, हात लावू नका. रीळ मिळालं तर जपा: सेकंदाला २० फ्रेमच्या वेगाला आठ सेकंद दिसणारी पाटी २४ला पावणेसात सेकंदांतच जाते, आणि सैनिक तुरुतुरु पळू लागतात.

यतिभंग:
पद्यच करा. मित्स्क्येविचची ओळ १३ अक्षरांची, सातव्यावर यती (विराम), दोन-दोन ओळींना यमक. मराठीत सहज बसतं. सुरुवातच घ्या:

लिथुआनिया माझी, आरोग्यासारखी
त्यालाच मोल कळे, ज्याला तू पारखी

मोठ्यानं वाचायला ओळीला तीनेक सेकंद लागतात. मूळ पाटी सहा सेकंदांहून कमी असेल तर एकच ओळ ठेवा. ओळींतलं अंतर सढळ हवं, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

तारसप्तक:
यान्किएलचं त्सिंबाऊई हे तंतुवाद्य काठ्यांनीच वाजतं, म्हणजे संतूरचं चुलतभावंड. बिलावलचे स्वर लावा. काव्याच्या बाराव्या सर्गातला क्रम असा: ३ मे १७९१च्या पोलिश संविधानाचा पोलोनेझ (पोलिश नाच), मग तार्गोवित्साची, म्हणजे रशियाला मिळालेल्या पोलिश सरदारांची, फितुरी, १७९४ची प्रागातली कत्तल, भटक्या सैनिकाचं गाणं, शेवटी दोम्ब्रोव्स्कीचा माझुर्का (हाही पोलिश नाच). फितुरीला बेसूर झणत्कार आहे. कवी त्याला सापाच्या फूत्काराची उपमा देतो. चांगला वादक सवयीनं तो सुरात आणतो, तिथेच घात होतो. एक तार कोमल रिषभाला लावून ठेवा आणि षड्जाबरोबर एकदम मारा, एकदाच. तबला नको. पोलोनेझ तीन मात्रांचा. तबलजी दादरा धरतो नि त्याची ठुमरी होते. माझुर्का शेवटापर्यंत राखून ठेवा: १९२७पासून ते पोलंडचं राष्ट्रगीत आहे, हॉलमध्ये कुणी पोलिश असलं तर मध्येच उभं राहील.

झरोका:
प्रागा म्हणजे चेक राजधानी?

तारसप्तक:
नव्हे, व्हिस्तुलाच्या पलीकडचं वॉर्साचं उपनगर. पाटीवर ‘वॉर्साचं प्रागा’ असंच लिहा.