मदत हवी आहे : 'मॅड सीझन'चा 'अबव्ह' श्रोत्यांसमोर कसा मांडावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात सदाशिव पेठेत आमचा एक छोटा श्रवणगट आहे. महिन्यातून एकदा आम्ही जमतो, ज्याची पाळी असेल तो एखादे ध्वनिमुद्रण निवडतो, त्याविषयी थोडे बोलतो आणि मग सगळे मिळून ते ऐकतात. गटातील बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत मोठी झालेली, सवाई गंधर्व महोत्सव न चुकवणारी आहेत. रॉक ऐकणारे आम्ही मोजकेच. या वेळी पाळी माझी असून मी 'मॅड सीझन' या बँडचा 'अबव्ह' हा अल्बम निवडला आहे. निवडीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मांडणीबद्दल मात्र आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. 'अ‍ॅलिस इन चेन्स' या सिअ‍ॅटलच्या प्रसिद्ध बँडचा गायक लेन स्टेली याचा हा साइड प्रोजेक्ट, म्हणजे मुख्य बँडबाहेरचा उपक्रम. सोबत 'पर्ल जॅम'चा गिटारवादक माइक मॅकक्रेडी, 'स्क्रीमिंग ट्रीज'चा ड्रमवादक बॅरेट मार्टिन आणि बास गिटारवर जॉन बेकर सॉन्डर्स. मॅकक्रेडी आणि सॉन्डर्स यांची ओळख मिनेसोटातील एका व्यसनमुक्ती केंद्रात झाली. सिअ‍ॅटलला परतल्यावर मॅकक्रेडीने हा बँड जुळवला, त्यात स्टेलीला बोलावले, आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांच्या संगतीत तोही सावरेल अशी आशा त्याने धरली होती. अल्बम मार्च १९९५ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रण कंपनीने प्रकाशित केला. त्यात दहा रचना असून एकूण अवधी सुमारे ५५ मिनिटांचा आहे. 'स्क्रीमिंग ट्रीज'चा गायक मार्क लॅनेगन दोन गाण्यांत पाहुणा म्हणून गायला आहे.

प्रसिद्ध बँडच्या गायकाने फावल्या वेळात केलेले काम म्हणून या अल्बमकडे पाहिले जाते, ते मला पटत नाही. 'अ‍ॅलिस इन चेन्स'मध्ये स्टेलीचा आवाज बहुधा त्या बँडचा गिटारवादक-गायक जेरी कॅन्ट्रेल याच्या आवाजाशी विणलेला असतो, आणि त्या दुहेरी आवाजाची खास कडवट जवळीक हीच त्या बँडची ओळख आहे. इथे कॅन्ट्रेल नाही. शब्द जवळजवळ सगळे स्टेलीचे आहेत (लॅनेगन सहभागी आहे ती दोन गाणी वगळता), मुखपृष्ठावरचे रेखाटनही त्याचेच आहे, आणि आवाजाभोवती इतकी मोकळी जागा आहे की त्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा. 'वेक अप' हे पहिलेच गाणे सात मिनिटांहून मोठे आहे आणि बासच्या संथ आवर्तनावर ते घाई न करता उलगडत जाते. विलंबित ख्यालाला बसणारा श्रोता इथे कंटाळणार नाही, असा माझा अंदाज आहे. उलट, रॉक म्हणजे पहिल्या क्षणापासून आदळआपट, हा त्याचा समज इथेच ढासळावा.

माझी खरी अडचण पुढे आहे. सॉन्डर्सचा १९९९ मध्ये आणि स्टेलीचा एप्रिल २००२ मध्ये अमली पदार्थांमुळे मृत्यू झाला. लॅनेगनही २०२२ मध्ये गेला. हे आधी सांगितले, तर 'रिव्हर ऑफ डिसीट'सारखे शांत, स्वतःलाच जबाबदार धरणारे गाणे श्रोते मृत्युलेख म्हणून ऐकतील, आणि मॅकक्रेडीच्या गिटारकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. मुळीच सांगितले नाही, तर हे शब्द कुठून आले ते कळणार नाही. आमच्यातील काही ज्येष्ठांच्या घरांनी व्यसनाचे दुःख पाहिलेले आहे, त्यामुळे हा विषय तिथे केवळ माहितीचा राहणार नाही, याचीही मला काळजी वाटते. आपण हे कोणत्या टप्प्यावर सांगितले असते?

दुसरा प्रश्न वेळेचा. सत्र दीड तासाचे असते. अल्बम सलग ऐकवला तर बोलायला अर्धा तासच उरतो, आणि चर्चा हा आमच्या मंडळींचा हक्काचा भाग आहे. काही गाणी गाळावीत का? 'लाँग गॉन डे' गाळणे मला अशक्य वाटते, कारण त्यात स्टेली आणि लॅनेगन यांचे दोन पूर्ण वेगळ्या जातीचे आवाज आहेत, शिवाय सॅक्सोफोन आहे. 'आय डोन्ट नो एनीथिंग' आणि 'लाइफलेस डेड' या जड गाण्यांबद्दल मात्र मी साशंक आहे.

तिसरी अडचण सभागृहाची. आमच्या सोसायटीच्या खोलीला फरशी आहे, भिंती उघड्या आहेत, आणि मागच्या एका सत्रात तबल्याचा बायासुद्धा घुमला होता. इथे तर बास गिटारवर अर्धे गाणे उभे आहे. खर्च न करता काय करता येईल?

शेवटी एक विनंती. २०१३ च्या विस्तारित आवृत्तीत २९ एप्रिल १९९५ रोजी सिअ‍ॅटलच्या मूर थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे चित्रीकरण आहे, तसेच अपूर्ण राहिलेल्या तीन रचनांवर लॅनेगनने नंतर गायलेली गाणी आहेत. माझ्याकडे फक्त मूळ सीडी आहे. पुण्यात कोणाकडे ही आवृत्ती असल्यास एका संध्याकाळपुरती उसनी मिळेल का?

प्रतिसाद १

मृत्यूंचा उल्लेख सत्राच्या मध्यावर करावा, असे मी सुचवीन. सुरुवातीला फक्त एवढेच सांगा की, हे चौघे व्यसनमुक्तीच्या आशेच्या काळात एकत्र आले. ती आशा त्या वेळी खरी होती, आणि अल्बमही त्याच वेळचा आहे. पुढे काय झाले हे गाणाऱ्यालाही माहीत नव्हते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते पहिल्या गाण्याआधी माहीत असण्याचे कारण नाही. 'लाँग गॉन डे' संपल्यावर थांबा आणि तेव्हा सांगा. त्यानंतर येणारी 'नोव्हेंबर हॉटेल' ही शब्दांवाचूनची रचना आहे, त्यामुळे ऐकलेली बातमी पचवायला श्रोत्यांना आपोआप वेळ मिळेल.

गाळण्याच्या मी विरोधात आहे. जड गाणी काढली, तर उरलेला अल्बम उदास आणि गुळगुळीत वाटेल, आणि तो तसा नाही. 'आर्टिफिशियल रेड'मधील ब्लूजचा संथ भार आणि त्यामागून येणारे 'लाइफलेस डेड' हे एकमेकांशेजारीच ऐकायला हवेत. त्याऐवजी आपले प्रास्ताविक आखडते घ्या. ज्येष्ठांच्या बाबतीत म्हणाल, तर विषय कोणता आहे हे निमंत्रणातच स्पष्ट लिहा, म्हणजे यायचे की नाही ते त्यांचे त्यांना ठरवता येईल.

प्रतिसाद २

खोलीबद्दल सांगतो. स्पीकर कोपऱ्यात किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, कारण कोपऱ्यात खालचे सूर फुगतात. भिंतीपासून निदान दोन-तीन फूट पुढे आणा. फरशीवर जाड सतरंज्या आणि त्यांवर गाद्या घाला, मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा. मात्र यामुळे वरच्या सुरांचा खणखणाट कमी होईल, बासचे घुमणे फारसे नाही. त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरवरचा बास थोडा उतरवणे हाच उपाय आहे. श्रोते बसल्यावर आवाज पुन्हा एकदा तपासा, भरलेली खोली वेगळी वाजते. आणि सत्र रात्री दहाच्या आत संपेल असे पाहा. सोसायटीत शेवटचे गाणे मध्येच बंद करावे लागणे वाईट.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. मध्यावर थांबण्याची सूचना मला पूर्ण पटली, विशेषतः 'नोव्हेंबर हॉटेल'बद्दलची, कारण त्या रचनेचा असा उपयोग होऊ शकेल हे माझ्या ध्यानात आले नव्हते. अल्बम आता सलग वाजवीन, प्रास्ताविक दहा मिनिटांत आवरीन आणि निमंत्रणात विषयाचा उल्लेख करीन. गाद्यांची सोय सोसायटीतच होईल, गोधड्या गोळा कराव्या लागतील. विस्तारित आवृत्तीची विनंती अजून खुली आहे. कोथरूड, कर्वेनगर किंवा पेठांच्या परिसरात कोणाकडे असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दुसऱ्या दिवशी पोहोचती करीन.