४७ नंबरचा हॅमर वेगळा का दिसतो?

प्रश्न (पुणे)
घरचा जुना अपराइट पियानो. जूनपासून मधल्या सीच्या वरचा जी हा सूर अडकतोय. पहिल्यांदा वाजतो, पण तारेवर आपटणारा हॅमर इतका सावकाश मागे येतो की लगेच पुन्हा दाबलं तर मुका. काल धीर करून ॲक्शन (हॅमरांची सगळी यंत्रणा) बाहेर काढली आणि जेवणाच्या टेबलावर चादर पसरून ठेवली.

८८ हॅमरांवर पेन्सिलीने नंबर आहेत. प्रत्येक ७ च्या पोटात आडवी रेघ, सगळे एकाच हाताचे. फक्त ४७ मधला ७ बिनरेघेचा, आणि नेमका तोच माझा जी! हॅमरच्या डोक्यावरच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) आतला गुलाबी थर खर्जाकडून टिपेकडे बारीक होत जातो, पण ४७ ला तो शेजाऱ्यांपेक्षा जाड आहे. हॅमर ज्या पिनेवर झुलतो तिच्याभोवतीचं कापड बाकीच्यांचं लाल, ह्याचं पांढरं. हॅमर बदलू का?

उत्तर (मुंबई, ट्यूनर)
ताई, बरोबर पकडलंत. हॅमर सुटे बनत नाहीत. लांब लाकडी पट्टीवर फेल्ट दाबून चिकटवतात, मग अळूवडीचा उंडा कापावा तशा चकत्या पाडतात. म्हणून शेजारशेजारचे थर जुळतात. तुमचा ४७ दुसऱ्या उंड्यातला, मागाहून कुणीतरी बसवलेला.

पण बदलू नका. सूर चांगला येतोय ना? दुखणं त्या पांढऱ्या कापडात आहे. दमट हवेत ते फुगतं आणि पिनेला आवळतं. ४६ आणि ४७ स्क्रू काढून सोडवा, फ्लँज (पिनेने हॅमर ज्याला जोडलेला असतो तो लहान तुकडा) धरून हॅमर झुलू द्या, झोके मोजा.

४७ लवकर थांबला तर स्पिरिटमध्ये थोडं पाणी घालून दोन्ही बाजूंच्या कापडावर एकेक थेंब सोडा आणि दिवसभर वाळू द्या. कापड ओलं होऊन फुगतं, पिनेवर दाबलं जातं आणि वाळल्यावर तेवढं सैल राहतं. इतक्यानं नाही सुटलं तर पिन काढून कापड किंचित मोकळं करावं लागेल. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

उत्तर (नाशिक)
तेल मात्र अजिबात नको. मी शिवणयंत्राचं सोडलं होतं. आठवडाभर झकास, पुढच्या पावसाळ्यात पिनेवर हिरवा चिकट गंज. सहा हॅमर उघडावे लागले.

प्रश्नकर्ती
४६ चे सहा झोके, ४७ चा जेमतेम दीड! काल रात्री थेंब सोडले, आज संध्याकाळी पाच झोके. जी सुटला. आता ५२ चं कापडही पांढरं दिसतंय, उद्या तोही झुलवून बघते.