गोठ्यातली १९७८ची येझदी: इंजिन जाम, नुसतं बोअर करून भागेल का?

विटेकर: वडिलांची येझदी मोटरसायकल २००९ पासून गोठ्यात कडब्याआड उभी होती. परवा बाहेर काढली. किकवर उभा राहिलो तरी हलत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, बोअर करू (सिलेंडर आतून घासून मोठा करू), नवा पिस्टन टाकू, चार दिवसांत चालू करून देतो. वडील रोज संध्याकाळी येऊन टाकीवरून हात फिरवतात, बोलत काही नाहीत. त्यांच्या हातून ती एकदा चालू व्हावी, एवढंच मनात आहे. पूर्ण इंजिन खोलावं का?

घाटवाट: आधी किकवर उभं राहणं थांबवा, आतले दाते तुटतील. प्लग काढून भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल ओता. आठवडाभर हात लावू नका. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे करत राहा. घाई नको.

आणि हो, पूर्ण खोलाच. येझदीसारख्या टू-स्ट्रोकला पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जाऊन सिलेंडरमध्ये चढतं. तो दाब क्रँकची (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याची) ऑइल सीलं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रबरी कड्या, धरून ठेवतात. इतक्या वर्षांत त्यांचं रबर लाकडासारखं झालं असणार. उजवीकडचं, डायनामोच्या बाजूचं गेलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन तापून धरतो, म्हणजे सिलेंडरमध्ये जाम होतो. क्लचकडचं गेलं की ऑइल ओढतं, धूर थांबतच नाही. मी सीलं तशीच ठेवून नवा पिस्टन टाकला होता. साठाव्या किलोमीटरला घाटात धरला. बोअर पुन्हा करावा लागला, ते दुःख अजून आहे.

लेथवरचा: पिस्टन आधी आणा, तो मोजूनच बोअर करून घ्या. मूळ माप ६५ मिमी. बोअर झाल्यावर पोर्टच्या (सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) धारदार कडा मोडायला सांगा, बरेच जण विसरतात, आणि मग पिस्टनवरची रिंग तिथे अडकून तुटते. बसवताना रिंगेची दोन्ही टोकं खाचेतल्या बारीक पिनेशी आली पाहिजेत. कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वर-खाली ओढून बघा. आडवा थोडा खेळ चालतो, उभा अजिबात नको.

विटेकर: नवव्या दिवशी चाक बोटभर सरकलं! आज हेड-सिलेंडर उतरवलं. रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथे बोअरला गंजाचं तपकिरी कडं आहे, नख अडकतं. वडिलांनी स्टूल ओढून घेतलं, रॉड दोन बोटांत धरला आणि वर ओढला. टक् असा आवाज आला, म्हणजे उभा खेळ आहे, रॉड बदलावा लागणार. "हा आवाज मला तेव्हाच येत होता," म्हणाले. उद्या दोघं मिळून क्रँककेस उघडतोय. नवा रॉड बसवल्यावर क्रँक कुठे तपासून घेऊ?

लेथवरचा: प्रेस (दाबयंत्र) आणि डायल गेज (क्रँक किती वाकडा फिरतो ते मोजणारं घड्याळ) दोन्ही असलेल्याकडेच द्या. हातोडीने सरळ करतो म्हणणाऱ्याकडे नको. चालू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला आणि गाडी दामटू नका.