‘परमिशन डिनाइड’ने तुमची कुठली संध्याकाळ खाल्ली?

गंगापूर रोड (धागा माझा)

गेल्या शुक्रवारी नवा लॅपटॉप आला. सोर्सट्री टाकलं (गिट बटणांनी चालवायचा प्रोग्रॅम, म्हणजे गिटचा क्लायंट), एसएसएच की बनवली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी, एक खाजगी आणि एक पब्लिक), पब्लिक की गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, नेऊन चिकटवली. गिट बॅशमधून, म्हणजे गिटच्या टर्मिनलमधून, तपासलं तर गिटहब माझं नाव घेऊन ‘हाय’ म्हणतंय. सोर्सट्रीत पुल (नवा कोड उतरवायचं बटण) दाबलं की मात्र ‘परमिशन डिनाइड, पब्लिककी’. की तीनदा नव्याने बनवली, तिन्ही वेळा तेच. साडेदहाला आईने दारातून विचारलं, "जेवतोस, की झाकून ठेवू?" मला त्या वाक्यातही फक्त ‘की’ ऐकू आली.

मग टूल्स, ऑप्शन्स, जनरल असं फिरताना दिसलं, एसएसएच क्लायंटसमोर ‘पुटी / प्लिंक’ लिहिलेलं. ही जोडी डॉट एसएसएच फोल्डरमध्ये, जिथे माझी की होती, डोकावतच नाही. तिला पीपीके फॉरमॅटमधली की लागते, आणि ती पेजंट नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये चढवलेली लागते. तिथे ओपनएसएसएच निवडलं, कीची फाइल दाखवली, पुल झालं. सगळा वेळ मी की तपासत बसलो होतो. ती घेऊन दारात कोण उभं आहे, हे बघायला हवं होतं.

तुमचेही असे किस्से असणार. लिहा. आलेला मेसेज जसाच्या तसा द्या, नुसतं ‘चालत नाही’ नको.

पाथर्डी फाटा

माझा किस्सा दोन ओळींचा. क्लोन (प्रोजेक्टची प्रत) एचटीटीपीएसच्या पत्त्याने केलेलं आणि मी दोन तास एसएसएच की दुरुस्त करत होतो. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटसाठी पासवर्ड बंद केला, त्यामुळे पासवर्डची खिडकी उघडायची आणि काही टाकलं तरी नाही म्हणायची. रिमोटचा, म्हणजे गिटहबवरच्या प्रतीचा, पत्ता ‘गिट ॲट’ने सुरू होणारा केला, संपलं.

सातपूर

विंडोजवर एसएसएच दोन असतात हे मला सहा वर्षं नोकरी करून कळलं. एक गिटसोबत येतं, दुसरं विंडोजचं स्वतःचं, सिस्टिम३२ मध्ये. विंडोजची एसएसएच एजंट सर्व्हिस (की हाताशी धरून ठेवणारी) आधी बंदच असते. मी ती सुरू केली, की चढवली, पॉवरशेलमध्ये सगळं गुळगुळीत. क्लायंट मात्र दर पुशला (कोड वर चढवताना) पासफ्रेज, म्हणजे कीचा पासवर्ड, मागायचा, कारण तो गिटवालं एसएसएच वापरत होता आणि त्याला विंडोजच्या एजंटचा पत्ताच नाही. गिटच्या कॉन्फिगमध्ये कोर डॉट एसएसएचकमांडला विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण पाथ दिला तेव्हा थांबलं. पाथमध्ये उलट्या स्लॅशने मला आणखी अर्धा तास खेळवलं, सरळ स्लॅश द्या.

गंगापूर रोड

सातपूरकर, याला जोडून एक. जुन्या मशीनवर जीआयटी अंडरस्कोर एसएसएच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिमची सेटिंग, गिटने कुठलं एसएसएच वापरायचं ते सांगणारी) बघून ठेवा. कधीकाळी कुणी प्लिंक लावून गेलेलं असतं. माणूस नोकरी सोडून जातो, व्हेरिएबल राहतं.

सिडको

जरा मोठं लिहिते, कारण माझ्या केसमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आलंच नाही.

दिवसा ऑफिसचं काम, रात्री मामांच्या द्राक्ष एक्स्पोर्टची वेबसाइट. मामा निफाडचे, फेब्रुवारी म्हणजे त्यांचा काढणीचा दंगा, आणि मला फोन, "ताई, तेवढे फोटो बदल गं." माझं घरचं गिटहब अकाउंट वेगळं. क्लायंटमध्ये त्याच अकाउंटने लॉगिन, कोपऱ्यात माझा फोटो, डावीकडे मामांची रिपॉझिटरी (साइटच्या कोडचा साठा) दिसतेय. पुश केलं तर ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. समोर दिसणारी रिपॉझिटरी सापडत नाही? नाव बदललंय का बघितलं, डिलीट झालीय का बघितलं, स्वतःलाच पुन्हा इन्व्हाइट पाठवायचा प्रयत्न केला.

चौथ्या दिवशी टर्मिनलमधून विचारलं. गिटहब म्हणालं, ‘हाय’, आणि पुढे माझ्या ऑफिसच्या अकाउंटचं नाव! एजंटमध्ये दोन्ही की होत्या, ऑफिसची आधी पुढे जायची. गिटहब माणूस ओळखतं ते कीवरून, आणि जी ओळखीची की आधी आली तोच माणूस धरतं. ऑफिसच्या अकाउंटला मामांची रिपॉझिटरी दिसायची परवानगी नाही, म्हणून ‘नॉट फाउंड’. कोपऱ्यातला फोटो वेगळ्या टोकनवर (लॉगिनच्या परवान्यावर) चालतो, पुशशी त्याचा काही संबंध नाही. आणि एकच की दोन अकाउंटला लावावी म्हटलं, तर तेही गिटहब करू देत नाही.

शेवटी डॉट एसएसएचमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टची दोन टोपणनावं केली, प्रत्येकाला आपापली आयडेंटिटीफाइल (कुठली की वापरायची ते), आणि खाली ‘आयडेंटिटीजओन्ली यस’. ही ओळ विसरलात तर एजंट पुन्हा सगळ्या की पुढे करतो. मग रिमोटच्या पत्त्यात गिटहब डॉट कॉमच्या जागी ‘गिटहब-घर’. तेव्हापासून नीट.

नाशिकरोड

२४ मार्च २०२३. पाडवा होऊन दोन दिवस झालेले. सकाळी अकराच्या आसपास ऑफिसात एकेकाचं पुल बंद पडायला लागलं. क्लायंट फक्त ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणायचा. टर्मिनल मात्र मोठ्या अक्षरांत ओरडत होतं, समोरच्या सर्व्हरची ओळख बदललीय, मध्ये कुणी बसलेलं असू शकतं. आमचे सीनियर म्हणाले, "नोन-होस्ट्स फाइल उडवा, चालू होतं." (ओळखीच्या सर्व्हरच्या की त्यात लिहिलेल्या असतात.) सगळ्यांनी उडवली, चालूही झालं.

दुपारी वाचलं तेव्हा कळलं. गिटहबची स्वतःची आरएसए प्रकारची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी) थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती, म्हणून त्यांनी ती बदलली. म्हणजे त्या दिवशी बदल खरा होता. पण आमच्यापैकी एकानेही नवा फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण) गिटहबच्या पानावरच्या फिंगरप्रिंटशी ताडून बघितला नव्हता. मध्ये खरंच कुणी बसलेलं असतं तरी आम्ही तितक्याच उत्साहाने ‘यस’ टाइप केलं असतं. पुसायची तर एसएसएच-कीजेनला ‘आर’ देऊन तेवढ्याच होस्टची ओळ पुसता येते, सगळी फाइल उडवायची गरज नसते.

इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष

हॉस्टेलच्या वायफायवर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, मोबाइल हॉटस्पॉटवर लगेच चालू. पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं नेहमीचं दार, बंद ठेवलंय. गिटहबचं एसएसएच पोर्ट ४४३ वरही ऐकतं, फक्त होस्टनेम एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम करावं लागतं. कॉन्फिगमध्ये टाकलं, आता डेटा पॅक वाचतो.

म्हसरूळ

लिनक्सवर असाल तर की फाइलला चमोड ७७७ मारा (सगळ्यांना सगळी परवानगी), परमिशनची कटकटच नको.

सातपूर

अहो नका हो सांगू असं. फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ‘टू ओपन’ म्हणून ती की वापरायलाच नकार देतं. ६०० करा, म्हणजे फक्त स्वतःला वाचता-लिहिता येईल.

म्हसरूळ

बरं. म्हणूनच माझं बंद होतं काय.

कॉलेज रोड

मी नवीन आहे, हसू नका. मित्राला की बरोबर आहे का दाखवायला पूर्ण फाइल प्रोजेक्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नावात डॉट पब नसलेली, म्हणजे खाजगी कीची फाइल. त्यात काय धोका आहे का?

गंगापूर रोड

आहे रे बाबा. हसत नाही, पण ती की आजच गिटहबवरून काढ आणि लॅपटॉपवरूनही. ग्रुपवरचा मेसेज डिलीट करून भागत नाही, कुणाच्या फोनमध्ये उतरलीय ते तुला कळणार नाही. नवी ईडी२५५१९ प्रकारची की बनव, पासफ्रेज घाल. द्यायची ती फक्त डॉट पबवाली.

कॉलेज रोड

काढली दादा. नवी बनवली, गिटहबवर चढवली, गिट बॅशमध्ये ‘हाय’ पण आलं. आता सोर्सट्रीत परमिशन डिनाइड येतंय.

गंगापूर रोड

टूल्स, ऑप्शन्स, जनरल. आणि आधी जेवून घे.