ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेची परवानगी) नसताना ताबा घ्यावा का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पुनावळ्यात टू बीएचके घेतलाय, करारनामा नोंदवलेला आहे. बिल्डर म्हणतो, "फर्निचरसाठी चावी घ्या, ओसी महिन्याभरात येईल," पण उरलेले 5 टक्के आत्ताच मागतोय. ताबापत्रात 'काम पाहिले, तक्रार नाही' असं छापलंय. रविवारी गेलो तर बेडरूमच्या खिडकीखाली भिंत ओली, बोट लावलं की पुट्टी हाताला येते. ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनेच विनामूल्य दुरुस्त करायचे, हे रेरा (बिल्डर आणि घरखरेदीच्या व्यवहारांचा) कायद्यात आहे. पण अशी सही केल्यावर तो हात वर करेल का? भाडं आणि हप्ता दोन्ही चालू आहेत, आईला पाडव्याला गृहप्रवेश हवाय. ताबापत्रावर ओलीची नोंद करून कोणी सही केली आहे का? मजकूर काय लिहिलात?