'रेलिक'ला मराठीत काय म्हणायचं?

अचलपूरकर: आमच्या गावच्या चॅपलच्या सणाला यंदा संत अंतोनींची रेलिक, म्हणजे दर्शनासाठी जपून ठेवलेला त्यांच्या देहाचा कण, येणार आहे. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी 'पवित्र अवशेष' लिहून मोकळा झालो. घरी वाचून दाखवलं तर आत्याबाई म्हणाली, "काहून रे, अवशेष तं गाविलगडावर असते, पडक्या भिंतीचे. हे संताचं हाड हाये." मागच्या खेपेला ती वस्तू मी हातात धरून पाहिली होती. रुपयाएवढी पितळी डबी, वर काच, आत तिळाएवढा कण, खाली लॅटिन नावाची बारीक चिठ्ठी. मागं लाल दोरा आणि त्यावर लाखेची मोहर. त्या कणाला 'अवशेष' म्हणवत नाही. 'अस्थी' लिहू का?

पवनीचा मास्तर: अस्थी नका लिहू. आमच्याकडे राख सावडली की अस्थी रामटेकला, अंबाळ्यात शिरवायला नेतात. 'अस्थी आल्या' वाचलं की लोक विचारतील, शिरवणार कधी?

उमरेडची: मास्तर, अस्थी फक्त शिरवायसाठी असतात हे पटलं नाही. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, लाखो लोक तिथं माथा टेकवतात. आणि तुमच्या पवनीतच केवढा जुना स्तूप निघाला! बौद्ध परंपरेत याला 'धातू' म्हणतात. धातुगर्भावरूनच स्तूपाला 'दागोबा' हा शब्द आला.

पवनीचा मास्तर: स्तूप मान्य, ताई. पण वर्गात 'धातू' म्हटलं की पोरं तांबं-पितळ सांगतात. शब्द पुस्तकात जिवंत असून भागत नाही.

वणीकर: मग 'रेलिक'च ठेवा. चर्चला येणारा प्रत्येक माणूस तेच म्हणतो. ओढूनताणून केलेला मराठी शब्द काय करतो ते गोव्याच्या बातम्यांत दिसलं. २०२४-२५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियरांच्या दर्शनाला सगळी वर्तमानपत्रं 'शवप्रदर्शन' लिहीत होती. ज्यांना लोक 'गोंयचो सायब' म्हणतात त्यांचं 'शव' आणि त्याचं 'प्रदर्शन'! १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारलेला माणूस, त्याचा उजवा हात १६१४ पासून रोमला आहे. त्या हाताला काय म्हणणार, शव?

उमरेडची: 'दर्शन सोहळा' म्हणता आलं असतं की. मराठीत शब्द नाही असं नव्हतं, कुणी शोधला नाही.

चिखलीचा वाचक: शब्दाच्या आधी वस्तू खरी आहे का ते बघा. येशूच्या क्रुसाचं म्हणून मिरवलं जाणारं लाकूड गोळा केलं तर जहाज भरेल, असं प्रॉटेस्टंट धर्मसुधारक काल्व्हिनने १५४३ मध्येच लिहिलं होतं. येशूचं म्हणून मानल्या जाणाऱ्या तुरीनच्या कफनाची १९८८ मध्ये कार्बन चाचणी झाली, कापड १२६० ते १३९० च्या दरम्यानचं निघालं. मी स्वतः ख्रिस्ती आहे, प्रॉटेस्टंट. हाडापुढे गुडघे टेकणं मला जमत नाही.

अचलपूरकर: तुमची अडचण समजते. म्हणूनच मोहर असते आणि सोबत लेखी दाखला. दाखल्याशिवाय रेलिक दर्शनाला ठेवू नये असं व्हॅटिकनने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. विक्रीला तर चर्चच्या कायद्यात पूर्ण बंदी आहे.

चिखलीचा वाचक: दाखला सांगतो की डबी कुणी बंद केली. आतलं हाड कुणाचं हे तो कसं सांगणार?

मोर्शीकर: तुम्ही सगळे आपल्याच विदर्भातला शब्द विसरलात. रिद्धपूरच्या महानुभावांकडे स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक असं चौघांचं स्मरण असतं. त्यातला 'प्रसाद' म्हणजे अवताराचा स्पर्श झालेली वस्तू. स्पर्श झालेल्या जागेचा दगड तो 'विशेष'. माझी आजी सकाळी फडक्याची गाठ सोडायची, गुळगुळीत खडे एकेक करून कपाळाला लावायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. तो खडा कुणाकडून कुणाकडे आला, तेवढं तिला तोंडपाठ होतं. तोच तिचा दाखला.

वणीकर: पण पत्रकात 'संत अंतोनींचा प्रसाद' छापलं तर लोक वाटी घेऊन येतील.

मोर्शीकर: शिरा-पेढ्याचा अर्थ लोकांच्या जिभेवर आहे म्हणून आमचा अर्थ का सोडायचा? मराठीतले पहिले गद्य ग्रंथ ज्या पंथाने लिहिले, त्याचा हा शब्द आहे.

अचलपूरकर: मोर्शीकर, हे वाचून अंगावर काटा आला. पण आमच्याकडे तीन वर्ग आहेत. पहिला संताच्या देहाचा भाग, दुसरा त्याने वापरलेली वस्तू, तिसरा या दोन्हींना लावून घेतलेलं कापड वगैरे. 'प्रसाद' दुसऱ्या-तिसऱ्याला चपखल बसतो. देहाला कसा बसवू?

उमरेडची: म्हणून अस्थीच.

अचलपूरकर: पण इटलीत पादुआला याच संतांची जीभ जपून ठेवली आहे. १२६३ मध्ये पेटी उघडली तेव्हा ती शाबूत मिळाली, असं सांगतात. जिभेत हाड नसतं. आमचा कण हाडाचा आहे म्हणून निभावलं. छापखान्यातून दोनदा फोन आला, शेवटी 'संत अंतोनींची अस्थी' लिहून दिलं. एकाच कणाला 'अस्थी' एकवचनात चालतं ना?

पवनीचा मास्तर: संस्कृतात चालतं, तिथं ते नपुंसकलिंगी. आमच्या गावात 'अस्थी आली' असं कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. 'आल्या'च म्हणतात.

मोर्शीकर: 'आल्या' छापलं तर एका डबीत किती आहेत असं विचारतील.