हिलरीने मार्चमध्येच का थांबावं?
"२००८ मध्ये हिलरीने मार्चमध्येच माघार घ्यायला हवी होती, उगाच जूनपर्यंत ताणलं" असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ओबामाशी चाललेल्या लढतीतून हिलरी क्लिंटनने. मला नाही पटलं. गणित अवघड झालं होतं हे मान्य, डेमोक्रॅट्सकडे डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) प्रत्येक राज्यात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात वाटतात, त्यामुळे ओबामाने फेब्रुवारीत ओळीने राज्यं जिंकून जी आघाडी घेतली ती ओहायो, पेनसिल्व्हेनिया जिंकूनही भरून निघेना. (रिपब्लिकनांकडे बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळे, म्हणून त्यांच्या मॅकेनची उमेदवारी ४ मार्चलाच पक्की झाली.) पण ओबामालाही सुपरडेलिगेटशिवाय (हवं त्याला मत देऊ शकणारे पक्षाचे नेते) बहुमत गाठता येत नव्हतं आणि हे नेते तेव्हा अधिवेशनापर्यंत कधीही मत फिरवू शकत होते, मग तिनेच आधी का उठायचं?

आणि पक्षाचं नुकसान नक्की काय झालं? उलट ६ मेला इंडियाना न् नॉर्थ कॅरोलिनात खरीखुरी चुरस झाली, एरवी तिथे प्रायमरीत (उमेदवार ठरवायच्या पक्षांतर्गत निवडणुकीत) कुणी ढुंकून बघत नाही, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ओबामाने दोन्ही घेतली, इंडियाना तर १९६४ नंतर पहिल्यांदा डेमोक्रॅट्सकडे आलं. शेवटच्या प्रायमरी ३ जूनला, ७ तारखेला बाईंनी थांबून ओबामाला पाठिंबा देऊन टाकला. चार दिवस! अति केलं ते १९८० मध्ये टेड केनेडीने, त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याकडे बहुमत असताना नियम बदलून डेलिगेटना हवं त्याला मत द्यायला मोकळे करा म्हणून ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत अडून बसले. कार्टर मुख्य निवडणुकीत पडले त्याला महागाई, इराणमधले ओलीस अशी बाकीची कारणं होतीच म्हणा.

बाकी बहुतेक जण तत्त्वाबित्त्वाने नाही, पैसे संपले की थांबतात.